फराळाचे ६२,४५० रुपये आणि सात झाकलेली शिलाई मशिनं

मोहरीची_फोडणी (सांगली)
२४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

एरवी मी इथे पाककृतींच्या बाहेर फिरकत नाही. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संचालकांनी उचलून योग्य जागी ठेवावा.

आमची चौदा जणींची भिशी आहे, अकरा वर्षं झाली. श्रावणात आमच्यातल्या एकीकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी भिशी नेमकी त्याच घरी होती, तेव्हा आल्या. पदर गळ्याभोवती गच्च. मोरीत घसरले म्हणाल्या. मोरीत घसरलं की गळ्यावर बोटं कशी उठतात, हे चौदा जणींपैकी एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. मी त्यांना हळद घालून दूध दिलं. पुढच्या आठवड्यात त्या काम सोडून माहेरी गेल्या, एवढंच कानावर आलं.

ते काही डोक्यातून जाईना. म्हणून यंदा दिवाळीचा फराळ करून विकायचा आणि येतील ते पैसे अशा घरातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी द्यायचे ठरवलं. भाजणीची चकली, शंकरपाळी, चिवडा, अनारसे आणि सांगलीत राहून ते केलं नाही तर पाप लागेल म्हणून भडंग. विक्री १,०८,७५०. सामान, गॅस, डबे धरून खर्च ४६,३००. उरले ६२,४५०. (पहिल्या घाण्याला भाजणीत पाणी जास्त पडून सहा किलो चकली मऊ झाली. ती आमच्या नवऱ्यांनी आठवडाभर चहासोबत संपवली, हिशोबात धरलेली नाही.)

आता खरी गोष्ट. आमचं ठरलं होतं की पाच शिलाई मशिनं घेऊन द्यायची. बॅनरसुद्धा छापायला टाकणार होतो. त्याआधी नुसतं बघून येऊ म्हणून आम्ही तिघी एका आधारगृहात गेलो. अधीक्षिका मॅडम चांगल्या वाटल्या. त्यांनी आम्हाला एक खोली दाखवली. तिथे जुन्या चादरीखाली सात शिलाई मशिनं ओळीने ठेवलेली. प्रत्येकावर दात्याचं नाव पांढऱ्या रंगात. दोनांना पट्टाच नव्हता. मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "ताई, मशिनं आहेत हो. दुसरं काही जमेल का?"

मग त्यांनी एक वही काढली, कुणाला काय लागलं ते लिहिलेली. मला ती उलटी दिसत होती, तरी वाचली. आधारकार्डावरचा पत्ता बदलणे. चष्मा. कोर्टात तारखेला जाणे-येणे. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. खोलीचं डिपॉझिट. आणि त्यातल्या निम्म्या ओळींपुढे लाल पेनाने लिहिलेलं: न मिळाले. न मिळाले. न मिळाले.

आता माझे दोन प्रश्न. असल्या बारीकसारीक खर्चाला पैसे द्यायचे तर ते कसे द्यावेत? आणि संक्रांतीला पुन्हा ऑर्डरी घेणार आहोत, तेव्हा प्रत्येक डब्यात १८१ या महिला हेल्पलाइनची चिठ्ठी घालावी असं मनात आहे. तेवढीच जागृती. बरोबर आहे ना?


तिखटमीठ (पुणे)
२४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आधी तुम्हा चौदा जणींना साष्टांग. बासष्ट हजार म्हणजे गंमत नाही, चकलीचा सोऱ्या पिळून खांदे गेले असतील.

कोरडं बोलते. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचार, १२अ (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सवलत) आहे का ते विचार, मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशोब बघायला माग. प्रामाणिक संस्थेला राग येत नाही. रक्कम बँकेतूनच दे. रोखीने २,००० रुपयांच्या वर दिलंस तर ८०जीची सवलत मिळत नाही. सवलत हवी असेल तर त्यांच्याकडून १०बीई नावाचं प्रमाणपत्र घे. नव्या करप्रणालीत असशील तर सोडून दे, तिथे ही वजावटच नाही.


रिकामा_बाक (कोल्हापूर)
२५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी नऊ वर्षं पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिलांच्या विशेष कक्षात समुपदेशक होते. आता सोडलंय. ज्यांना हे कक्ष माहीत नाहीत त्यांच्यासाठी: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला, नंतर ते राज्यभर पसरले. ठाण्यात पाय ठेवायला बाई घाबरते, आणि ठाण्याशिवाय नवरा ऐकत नाही, म्हणून समाजकार्यकर्ती ठाण्यातच बसवायची अशी ती कल्पना.

मोहरीताई, त्या वहीतल्या 'न मिळाले' वर मी तासभर बोलू शकते.

बाई घर सोडते ती बहुतेक दुपारी. नवरा कामावर, पोरं शाळेतून आलेली, अशा वेळी. एक पिशवी, एक पोर कडेवर, एक हाताला. पहिल्या काही दिवसांची सोय आता सरकारने केलेली आहे. २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रं झाली. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एका छपराखाली, आणि पाच दिवस राहायला जागा. चांगली योजना आहे. पण मला विचाराल तर सहाव्या दिवसाचं बोला. सहाव्या दिवशी एकतर आधारगृह, नाहीतर माहेर, नाहीतर परत तेच घर. आधारगृहात मोठ्या मुलाला आईबरोबर राहू देत नाहीत, वयाची अट असते. म्हणजे आई इथे आणि मुलगा बालगृहात. ते ऐकलं की निम्म्या बायका उठून घरी जातात. "मार खाईन, पण पोरगं डोळ्यासमोर राहील." हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय, मोजलं नाही.

तिला त्या क्षणी काय हवं असतं? एक खोली. खोलीचं भाडं ती चार घरची धुणीभांडी करून भरते, तो प्रश्न नसतो. अडतं ते डिपॉझिटवर. दहा-पंधरा हजार एका वेळी. ते द्यायला कुणी नसतं, कारण त्याचा फोटो निघत नाही. मशिनीचा निघतो.

दुसरं, कागद. आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, पासबुक सगळं त्या घरात. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात येतात, आणि एटीएम नवऱ्याच्या पाकिटात. नवीन खातं काढायचं तर पत्त्याचा पुरावा. पत्ताच तर सोडून आलीय ती.

आता चिठ्ठीबद्दल. कृपा करून डब्यात घालू नका. डबा घरात आधी कोण उघडेल सांगता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईला पर्समध्ये आमचं कार्ड सापडलं म्हणून मारलं होतं. बाई जिथे एकटी असते आणि नवरा येऊ शकत नाही, तिथे नंबर लावा. लेडीज टेलरची ट्रायल रूम. पार्लर. दवाखान्यातल्या बायकांच्या संडासाच्या दाराची आतली बाजू. बसलेल्या बाईच्या डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर. 'कौटुंबिक हिंसाचार' असं मोठं शीर्षक नको, बहुतेक बायकांना आपल्यावर होतंय ते 'हिंसाचार' आहे असं वाटतच नाही. "घरात भीती वाटते का? १८१" एवढंच पुरे. आणि खाली बारीक अक्षरात: फोन झाला की नंबर पुसून टाका.


सडेतोड (ठाणे)
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सगळं छान आहे, पण दुसरी बाजू कुणी मांडणारच नाही का? माझ्या मित्राच्या बायकोने ४९८अ (नवरा-सासरच्यांच्या छळाचं फौजदारी कलम) लावलं आणि त्याच्या अडुसष्ट वर्षांच्या आईला रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. शेवटी सोळा लाखांत मिटलं. असल्या केसेसना पण तुमच्या चकल्यांचे पैसे जाणार का?


वकीलपत्र (सातारा)
२५ नोव्हेंबर, दुपारी १:५०

सडेतोड, तुमच्या मित्राच्या आईबरोबर जे झालं ते वाईटच. खोट्या तक्रारी होतात, मी स्वतः अशा आरोपींच्या बाजूने उभी राहिलेय. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेला लगाम घातला. ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ म्हणून आहे.

पण दोन कायद्यांची खिचडी करू नका. इथे बोलणं चाललंय त्या बायका बहुतेक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली येतात, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. नवऱ्याला आत टाका असं तिथे कुणी मागत नाही. मला मारू नकोस, घराबाहेर काढू नकोस, पोरांचा खर्च दे, एवढंच मागणं असतं. गुन्हा होतो तो कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गंमत म्हणजे तुमच्या मित्राच्या आईलाही हा कायदा वापरता येतो. मुलगा छळत असेल तर मुलाविरुद्ध, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सुनेविरुद्धसुद्धा.

आकडे हवे असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी बघा, २०१९-२१ ची. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या देशात सुमारे २९ टक्के, महाराष्ट्रात सुमारे २५. आणि देशात हिंसा सोसलेल्यांपैकी कुठेतरी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी. सोळा लाखांत मिटवणारी तुम्हाला दिसते, कारण ती कोर्टात येते. बाकीच्या येतच नाहीत.

मोहरीताई, पैशांबद्दल एक. वकिलाच्या फीवर घालवू नका. स्त्रीला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातसुद्धा त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. खर्च होतो तो कोर्टाभोवती. कायद्यात लिहिलंय की अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. (इथे सातारा जिल्हा बारमधले सगळे हसत आहेत अशी कल्पना करा.) वर्षानुवर्षं तारखा पडतात. प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडते, पोराला शेजारी ठेवावं लागतं, बाहेर खावं लागतं. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं ही मोठी मदत झाली, पण बुडालेला रोज एसटी महामंडळ देत नाही. तिसऱ्या-चौथ्या तारखेला ती येत नाही, आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येणंही बंद झालंय. तारखेमागे तीनशे रुपये तिच्या हातात पडले तर कितीतरी केसेस तगतील.

आणखी एक, सगळ्यांसाठी. मदत म्हणजे बाईला घराबाहेर काढणं असंच नसतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क तिला मागता येतो, २०२० च्या निकालाने ते स्पष्ट झालंय. कधीकधी आधारगृहापेक्षा एक चांगला निवासाचा आदेश स्वस्त पडतो.


सडेतोड (ठाणे)
२५ नोव्हेंबर, दुपारी २:२०

आईचा मुद्दा माहीत नव्हता. त्याला सांगतो.


खजिनदार_बाप्पा (इचलकरंजी)
२६ नोव्हेंबर, रात्री ८:००

मी गणपती मंडळाचा खजिनदार, त्यामुळे माझं ज्ञान वर्गणीपुरतं. तुम्ही फराळ विकला तो व्यवहार झाला, त्यात अडचण नाही. पण उद्या नुसती वर्गणी गोळा करायला लागलात आणि तुमची स्वतःची नोंदणीकृत संस्था नसेल, तर आम्ही दरवर्षी घेतो तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. त्यापेक्षा लोकांनी थेट संस्थेच्या खात्यात टाकावेत. चौदा जणींच्या भिशीत एकीच्या गूगल पेवर पैसे गोळा झाले की पुढच्या वर्षी भिशी राहत नाही. स्वानुभव.

आणि एक प्रश्न, जरा लाजत विचारतोय. आमच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा भांडी आपटल्याचा आणि रडण्याचा आवाज येतो. टीव्हीचा आवाज मोठा करून आम्ही जेवतो. पुरुष माणसाने जाऊन काय करायचं असतं?


रिकामा_बाक (कोल्हापूर)
२६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

खजिनदार दादा, बेल वाजवायची. खरंच एवढंच. २००८ मध्ये 'बेल बजाओ' म्हणून मोहीम झाली होती, टीव्हीवर जाहिराती लागायच्या: शेजारचा पुरुष बेल वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो, नाहीतर चेंडू. जाब विचारायचा नाही, उपदेश करायचा नाही. जाब विचारलात तर तुम्ही गेल्यावर तिलाच जास्त पडेल. बेल वाजली की हात थांबतो, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्याला कळतं. पुढे कधी ती एकटी भेटली तर वहिनींनी बोलावं, तुम्ही नाही. जीवावर बेतेल असं वाटलं तर ११२.


वकीलपत्र (सातारा)
२६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

+१. शिवाय शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्याला (२००५ च्या त्याच कायद्याखाली सरकार नेमतं तो) कळवता येतं. कायद्याचं कलम ४ वाचा: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. 'उगाच आपल्यावर शेकेल' ही भीती कायद्यानेच काढून टाकली आहे.


नदीपल्याड (न्यू जर्सी)
२७ नोव्हेंबर, सकाळी ५:३०

इथूनही हातभार लावायचा आहे. आमच्या मंडळातल्या सात-आठ घरांनी विचारलं. पूर्वी आम्ही इथल्याच 'मानवी'ला देत होतो. न्यू जर्सीतली ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, अमेरिकेतली या कामातली पहिली. डिपेंडंट व्हिसावर आलेली मुलगी, नवऱ्याच्या नोकरीवर सगळं अवलंबून, बँकेत नाव नाही, गाडी येत नाही, बर्फात माहेर कुठलं! वर ती सहाव्या दिवसाची गोष्ट वाचली. इथे तो पहिल्याच दिवशी येतो.

सांगलीला पैसे पाठवायचे तर काय पथ्य पाळायचं?


तिखटमीठ (पुणे)
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पासपोर्ट बघा. अजून भारतीय असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'परकीय' धरत नाहीत. अमेरिकन झालात, भले ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड) असा, तर ती परकीय देणगी. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यायला हवी. छोट्या आधारगृहांकडे हे नसतं. प्रेमाने पाठवलेल्या दोनशे डॉलरनी संस्था गोत्यात येऊ शकते. आईबाबांच्या नावाने पाठवू वगैरे युक्त्या इथे लिहू नका.


ओटीवरचे_आजोबा (पुणे)
२८ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

थोडं मागचं सांगतो, वयाचा हक्क म्हणून.

पंडिता रमाबाई १८८० च्या दशकात अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांनी एखाददुसरा धनाढ्य गाठला नाही. गावोगावी 'रमाबाई सर्कल' उभी केली आणि सभासदाकडून वचन घेतलं: वर्षाला एक डॉलर, सलग दहा वर्षं. त्याच पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. एक डॉलर कुणालाही जड नव्हता, आणि दहा वर्षं म्हटल्यावर बाईंना पुढच्या जूनची काळजी नव्हती. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले वर्गणीला गावोगाव हिंडल्या. स्वतः विधवा. इंग्रजी धड येत नसताना अमेरिका गाठली आणि तिथे लोकांकडे घरकाम करून दिवस काढले. मोहरीताईंच्या चकल्या मला त्याच वंशातल्या वाटतात.

जागृतीबद्दल म्हणाल, तर १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या विवाहितांचे संशयास्पद मृत्यू झाले, तेव्हा विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' नावाचं पोस्टर प्रदर्शन केलं. ते महाराष्ट्रभर फिरलं. मी आमच्या हिला घेऊन गेलो होतो. चित्रं साधीच होती. पण एका कोपऱ्यात बायका कार्यकर्त्यांशी बोलत उभ्या होत्या, आणि ती रांग चित्रांसमोरच्या रांगेहून लांब होती. आमची हीसुद्धा त्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला. मला तोवर काही ठाऊक नव्हतं. नारी समता मंच आणि त्यांचं 'बोलते व्हा' केंद्र त्यातून उभं राहिलं. म्हणून सांगतो, पोस्टर लावाल तिथे ऐकायला एक माणूसही बसवा.


मोहरीची_फोडणी (सांगली)
२ डिसेंबर, रात्री १०:१०

सगळे प्रतिसाद भिशीत मोठ्याने वाचून दाखवले. चिठ्ठीचा बेत रद्द. बॅनर रद्द.

पण नवीनच भानगड झालीय. आमच्यातल्या एकीच्या ओळखीचे एक व्यापारी वरून २५,००० घालायला तयार आहेत. अट एकच: छोटा कार्यक्रम करायचा, आधारगृहातल्या दोन-तीन बायकांना स्टेजवर बोलवायचं, साडीचोळी द्यायची, पेपरात फोटो. "तेवढाच इतरांना आदर्श." भिशीत सात-सात मतं पडली. पंचवीस हजार म्हणजे दोन खोल्यांची डिपॉझिटं, असं म्हणणाऱ्यांचंही चूक वाटत नाही. काय करू?


नवा_सदस्य_४१७
३ डिसेंबर, पहाटे २:२५

फक्त हे लिहायला खातं काढलंय.

मी सहा वर्षांपूर्वी निघाले तेव्हा माझ्याकडे ३४० रुपये आणि कागदांची पिशवी होती. पिशवी माझी नव्हती, शेजारच्या काकूंनी आठ महिने त्यांच्या गव्हाच्या डब्यात लपवून ठेवली होती. मी एकेक कागद चोरून आणायचे, पोराच्या लसीकरणाच्या कार्डापासून. त्या काही विचारायच्या नाहीत. डबा उघडायच्या, मी कागद टाकायचे, त्या वर गहू पसरायच्या.

मी जिथे राहिले तिथेही असाच एक कार्यक्रम झाला होता. मला स्टेजवर बसवलं. चांगली साडी होती, हिरवी. फोटोत चेहरा झाकणार म्हणाले होते, झाकला नाही. आठ दिवसांनी नवरा त्या गावात दत्त. मला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. पोराची शाळा परत बुडाली.

साडी मी अजून नेसलेली नाही.


मोहरीची_फोडणी (सांगली)
३ डिसेंबर, सकाळी ८:४०

ताई. पंचवीस हजारांना नाही म्हणून सांगितलं. आत्ताच फोन केला.


सडेतोड (ठाणे)
३ डिसेंबर, सकाळी १०:००

संस्थेचा खाते क्रमांक इथे उघड टाकू नका, आधारगृहाचा पत्ता तर नाहीच. मोहरीताई, मला निरोपातून कळवा. रक्कम छोटी आहे, पण दरमहा टाकीन. आजोबांच्या डॉलरसारखी.


मोहरीची_फोडणी (सांगली)
२१ जानेवारी, रात्री ९:५५

उशिरा लिहितेय, तिळगुळाच्या ऑर्डरींनी पिसाळून सोडलं होतं.

आधी वाईट बातमी. त्या पंचवीस हजारांवरून एक मैत्रीण भिशी सोडून गेली. आता तेरा जणी. तिचं म्हणणं, मी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांचं ऐकते. तेही खोटं नाही.

पैसे संस्थेच्या खात्यात दिले, सोबत पत्र: हे 'तातडीचा खर्च' या एकाच शीर्षाखाली ठेवावेत. तीन हजारांपर्यंत मॅडमनी स्वतःच्या सहीने लगेच द्यायचे, मीटिंगची वाट बघायची नाही. त्यावर असेल तर त्यांच्या एका विश्वस्तांची सही. आम्हाला महिन्याला हिशोब, नावं नकोत, नुसते क्रमांक. पहिला हिशोब आलाय. चष्मा ६५०. दहावीच्या गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीचा खर्च. चार कोर्टाच्या तारखा, प्रत्येकी ३०० (वकीलताई, तुमचा आकडा). एका मुलाच्या दम्याचा पंप. आणि एक डिपॉझिट, १२,०००.

खोली बघायला आम्ही दोघी बरोबर गेलो होतो, कारण मालकाने तिला एकटीला आधी दोनदा परत पाठवलं होतं. "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न आला तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, आम्ही हिच्या मावश्या, काय विचारायचं ते आम्हाला विचारा. मालकीणबाई आतून बाहेर आल्या, तिच्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, चहा ठेवलाय, तुम्ही आत व्हा. पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. दहा बाय बारा, निळा चुना, पत्र्याचं छत, नळ बाहेर. सामान ठेवल्यावर तिने दार लावून आतून कडी घालून बघितली. उघडली. परत घातली. आम्ही बाहेर उभ्या होतो.

तेरा जणींनी महिना दोनशे ठरवलेत, म्हणजे २,६००. इथल्या पाच जणांचे येतायत. न्यू जर्सीवाल्यांपैकी ज्यांचे पासपोर्ट भारतीय त्यांनी थेट टाकले, बाकीच्यांनी तिथल्याच संस्थेला दिले. नंबराचे स्टिकर अकरा ठिकाणी लागले: तीन टेलर, चार पार्लर, दोन दवाखाने, एक अभ्यासिका आणि एक पिठाची गिरणी, तिथे बायकाच बसतात म्हणून. एका पार्लरवालीने आधी नको म्हटलं, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, दोन द्या.

त्या पोळ्यावाल्या मावशींचा पत्ता अजून लागलेला नाही. जतच्या बाजूला कुठेतरी पलीकडे आहेत म्हणतात.


खजिनदार_बाप्पा (इचलकरंजी)
२१ जानेवारी, रात्री १०:२०

मी बेल वाजवली होती. डिसेंबरात दोनदा. एकदा साखर मागितली, एकदा मीटरबद्दल विचारलं. दुसऱ्या वेळी त्याने दार जोरात लावलं. पण आता माझी बायको आणि ती रोज संध्याकाळी गच्चीवर असतात. काय बोलतात मला सांगत नाही.


नदीपल्याड (न्यू जर्सी)
२२ जानेवारी, सकाळी ६:००

मोहरीताई, भडंग कुरियरने पुण्यापर्यंत येईल का? माझी बहीण फेब्रुवारीत इकडे येतेय. लसूण जरा सढळ हाताने.


मोहरीची_फोडणी (सांगली)
२२ जानेवारी, सकाळी ७:३०

येईल की. अर्धा किलोची पाकिटं करते. लसणाचा भाव बघून रात्री दर सांगते.